जपान सुप्यात आला. कवठ्याच्या पोरीची एसटी कधी येणार?

२९ ऑगस्ट २०२५ रोजी टोकियोत भारत आणि जपान यांच्यात मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा आराखडा ठरला. पाच वर्षांत ५ लाख लोकांची ये-जा, त्यात भारतातून ५० हजार कुशल माणसे जपानला. घोषणा झाली, फोटो निघाले. आमचा प्रश्न साधा आहे. या ५० हजारांत शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईसारख्या गावातली, वस्तीवरची एखादी मुलगी असेल का? नसेल, तर तिला अडवले कोणी?

तिला गुणवत्तेने अडवलेले नाही. तिला वेळापत्रकाने अडवले आहे.

जपानी शिकायचे तर पुणे गाठावे लागते. विद्यापीठातले अभ्यासक्रम तिथेच, बहुतेक खासगी वर्ग तिथेच. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या जेएलपीटी परीक्षेचे केंद्रही तिथेच. कवठ्याहून पुणे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. भाषेचे वर्ग भरतात सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, म्हणजे शहरातल्या नोकरदारांच्या सोयीने. रात्री आठला वर्ग सुटला तरी नगर रस्त्याला लांब पल्ल्याच्या गाड्या मिळतात, हे खरे. पण त्या रांजणगाव नाहीतर शिरूरला उतरवून पुढे निघून जातात. मलठणमार्गे कवठ्यापर्यंतचे पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर तिने कसे जायचे? ज्याच्या घरी मोटरसायकल आहे त्याचा बाप घ्यायला येतो. जिची आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात कांदे काढते, तिला घ्यायला कोण येणार? मग महिन्या-दोन महिन्यांत वर्ग सुटतो आणि लोक म्हणतात, "पोरीला झेपले नाही."

"यात जात कुठे आली? एसटीत कंडक्टर जात विचारत नाही," असे कुणी म्हणेल. विचारत नाही, मान्य. पण १९०१ साली मसूर स्टेशनवर लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या भावंडांना काय सोसावे लागले ते आठवा. जात कळताच एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे मोजून मुलांना गाडी स्वतःच हाकावी लागली. तेव्हा जात तोंडाने विचारली जायची. आता ती विचारावी लागत नाही. जमीन कुणाकडे, वाहन कुणाकडे, पुण्यात खोली कुणाची, एवढे पाहिले की उत्तर मिळते. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्यासाठी एसटी हीच बैलगाडी आहे. ती बंद झाली की त्याचा रस्ता बंद होतो.

इतिहासाचा उपहास पाहा. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे-नगर रस्त्यावर, म्हणजे याच शिरूर तालुक्यातून. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी संविधान सभेत गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले. गाव म्हणजे संकुचितपणाचे डबके, हे त्यांचे म्हणणे होते. त्या डबक्यातून बाहेर काढणारी गाडी त्याच वर्षी निघाली होती. कोरोनापूर्वी १८ हजारांच्या घरात असलेला एसटीचा ताफा नंतर १५ हजारांच्या आसपास आला. गाड्या कमी पडल्या की आधी कोणती फेरी रद्द होते, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. सरकार सवलती मोजून दाखवते. बारावीपर्यंत मुलींना मोफत पास, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. सवलती हव्यातच. पण जी गाडी येतच नाही, तिचे अर्धे तिकीट घेऊन काय करायचे?

दुसरा शहाणपणा ऐकू येतो: "मोबाइलवर शिका." एका खोलीचे घर, घरात एक फोन, तोही बापाबरोबर कामावर. व्याकरण पाठ होईलही. पण भाषा ऐकून आणि बोलून येते. त्यासाठी समोर माणूस लागतो.

आणि आता खरा विनोद. जपानी ही मराठी पोरांना जड जावी अशी भाषाच नाही. तिची वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी लागतात. हा क्रम बौद्ध भिक्खूंनी भारतातून चीनमार्गे नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तिकडे रुजला. 'वाताशी वा बासु दे गाक्को ए इकिमासु' या वाक्याचा शब्दामागे शब्द ठेवून अर्थ लावा: मी, बसने, शाळेकडे, जाते. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, सगळे आपल्यासारखे. कांजी मात्र कष्टानेच पाठ करावी लागते, त्यात कुणाला सूट नाही. पण वर्गात शिकवतात इंग्रजीतून! इंग्रजीची वाक्यरचना नेमकी उलटी. म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलीने आधी सरळ वाक्य उलटे करायचे, मग पुन्हा सरळ करायचे. ही जपानीची परीक्षा नाही. वर्गाच्या दारावर इंग्रजीचा राखणदार बसवला आहे, एवढेच.

सप्टेंबर २०१५ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी जपानच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण केले. आनंद आहे. शेजारच्या पारनेर तालुक्यात सुप्याला जपानी उद्योगांसाठी औद्योगिक क्षेत्र ठरले. त्याचाही आनंद आहे. पण आमचा पुतळा जपानला पोहोचतो, जपानचे भांडवल सुप्याला पोहोचते आणि आमची पोर शिवाजीनगरला पोहोचत नाही. हा विकास कुणाचा?

साथींनो, जपान हा स्वर्ग नाही. तिथेही बुराकू समाजाने जन्माधारित भेदभाव भोगला आणि १९२२ साली सुईहेइशा ही आपली संघटना उभी केली. परदेशी प्रशिक्षणार्थींच्या शोषणावर इतकी टीका झाली की २०२४ मध्ये जपानला ती योजना मोडीत काढून नवी आणण्याचा कायदा करावा लागला. म्हणूनच भाषा हवी. भाषा येणारा माणूस करार वाचतो. न येणारा एजंटाच्या तोंडाकडे बघतो. आपल्याला तिकडे स्वस्त हात म्हणून जायचे नाही.

तेव्हा निवेदनाचा कागद देऊन फोटो काढणे पुरे. माहिती अधिकारात शिरूर आगाराला विचारा: कवठे येमाई, मलठण, टाकळी हाजी या मार्गांवर मंजूर फेऱ्या किती, गेल्या वर्षभरात रद्द किती, कारण काय? उत्तर ग्रामसभेत वाचा, ठराव करा. वर्गांच्या वेळेला जोडून पहाटेची आणि रात्रीची फेरी मागा. शिरूरला मराठीतून जपानी शिकवणारा वर्ग मागा. बार्टी आणि समाजकल्याण खात्याने तो चालवावा. स्वाधार योजनेत किमान दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची जी अट आहे, ती भाषेच्या प्रमाणपत्रांसाठी शिथिल करायला लावा.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले. शिकायला निघालेल्या पोरीला फाट्यावर ताटकळत ठेवणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारणे, हाही त्याच आदेशाचा भाग आहे.

जय भीम!