मांस हवे, पण कच्चे कशाला?

डिसेंबर २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडून अहवाल आला, त्यात निदान होते एच५एन१ बर्ड फ्लूचे. संशय गेला तो त्यांना खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसावर. त्याच सुमारास शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्येही हा विषाणू सापडला. पोल्ट्रीत काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी या बातम्या बारकाईने वाचल्या असतील. शहरात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करणाऱ्यांनी मात्र त्या वाघांच्या बातम्या म्हणून वाचून सोडून दिल्या, अशी आमची शंका आहे. वास्तविक त्या आपल्याच ओपीडीच्या बातम्या आहेत. "डॉक्टर, आम्ही हिला रॉवर टाकलंय" हे मांजराच्या पालकाचे वाक्य (रॉ म्हणजे कच्च्या मांसाचा आहार) आता फक्त मुंबई-पुण्यात ऐकू येते असे राहिलेले नाही.

हे वाक्य कानावर पडले की आपल्यापैकी काही जण पालकाला झापतात, काही जण "बरं" म्हणून लसीची बाटली हलवू लागतात. दोन्हींतून एकच निष्पन्न होते. पुढच्या वेळी पालक सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

आधी पालकाच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन, अ‍ॅराकिडोनिक आम्ल आणि तयार स्वरूपातले अ जीवनसत्त्व त्याला प्राणिज अन्नातूनच मिळावे लागते. आर्जिनिन नसलेले एक जेवण दिले तरी काही तासांत रक्तातला अमोनिया चढतो. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम ६ ते १० टक्के, तर उंदरात ते ७० टक्क्यांच्या आसपास. मांजराला तहान मुळातच कमी. त्यामुळे लघवी अडकून आलेला बोका टेबलावर असताना पालकाने पिशवीतल्या खाद्याबद्दल शंका काढली तर ती वेडगळ म्हणता येत नाही. कंपन्यांचा इतिहासही धुतल्या तांदळाचा नाही. १९८७ साली पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातून दाखवून दिले, की तयार खाद्यावर वाढणाऱ्या मांजरांचे हृदय टॉरिनच्या कमतरतेमुळे फुगत होते आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारत होते. त्या काळचे निकष पाळणारे खाद्यही त्यात होते. त्यानंतर खाद्यात टॉरिन वाढवले गेले आणि एकेकाळी नेहमी दिसणारा हा आजार दुर्मीळ झाला. शिवाय ज्या कंपनीची पिशवी आपण सुचवतो तीच आपल्या काउंटरवर विकायला असते आणि परिषदेतले जेवणही कधीकधी तिच्याच खर्चाने होते. पालकाला हे दिसत नाही असे समजू नये.

आता कच्चेपणाकडे वळू. कच्च्या आहाराचे समर्थक हमखास पॉटेंजर यांच्या मांजरांचा दाखला देतात. फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या काळात कॅलिफोर्नियात सुमारे ९०० मांजरांवर निरीक्षणे केली. मूळ काम अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या अर्काची ताकद मोजण्याचे होते. आहाराचा विषय त्यातून निघाला. कच्चे मांस खाणारी मांजरे धडधाकट राहिली, शिजवलेले खाणाऱ्यांची पुढची पिढी खुरटत गेली, असे त्यांनी नोंदवले. पण त्या वेळी मांजराला टॉरिन लागते हेच कुणाला माहीत नव्हते. त्याच्या अभावी डोळ्याचा पडदा झिजतो हे कळायला १९७५ उजाडले. टॉरिन पाण्यात विरघळते. शिजवताना ते पाण्यात उतरते, आणि ते पाणी ओतून दिले की मांजराच्या ताटातून जाते. तेव्हा पॉटेंजर यांच्या मांजरांवरून फार तर एवढे म्हणता येईल, की अपुरा आहार अपुराच असतो. शिजवणे म्हणजे विष, हे त्यातून सिद्ध होत नाही.

उलट बाजूचा पुरावा अधिक नेटका आहे. २०१२ साली अमेरिकेत केर आणि सहकाऱ्यांनी मांजरांना ड्राय फूड, कच्चे गोमांस आणि तेच शिजवलेले गोमांस असे तीन आहार देऊन पचनीयता मोजली. दोन्ही मांसाहार ड्राय फूडपेक्षा चांगले पचले. कच्चे आणि शिजवलेले यांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. "रॉवर टाकल्यापासून शी कमी झाली, वास गेला, केस चमकायला लागले" असे पालक सांगतात ते खोटे नसते. श्रेय मांसाचे आणि पाण्याचे असते, ते जाते कच्चेपणाच्या खात्यात. आमची भूमिका एवढीच आहे: मांजराला मांस द्या, पण आपल्या बाजारातले मांस कच्चे देऊ नका.

'आपल्या बाजारातले' हे शब्द जाणूनबुजून वापरले आहेत. रॉ आहाराची पुस्तके लिहिली गेली ती ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत, शीतसाखळी गृहीत धरून. तिथेही चित्र फारसे गोजिरे नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१०-१२ मध्ये कच्च्या पेटफूडचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया निघाला. २०२३च्या जुलैत सोलच्या मांजर-आश्रयगृहांत बर्ड फ्लू शिरला तो कच्च्या बदकाच्या मांसाच्या खाद्यातून. २०२४च्या डिसेंबरात ओरेगनमध्ये घराबाहेर न पडणारे मांजर गेले, त्याने टर्कीचे गोठवलेले कच्चे खाद्य खाल्ले होते. आणि आपल्याकडे? नाक्यावरच्या दुकानात पिंजऱ्यात कोंबड्या, शेजारी ड्रम, त्याच्या पलीकडे लाकडी ओंडका. सकाळपासून त्याच ओंडक्यावर, त्याच सुऱ्याने, मधूनच फडक्याने पुसून काम चाललेले. माना, पाय आणि कलेजी-पेटा वेगळ्या पाटीत उघड्यावर, 'कुत्र्या-मांजराचं' म्हणून स्वस्तात. त्यातच खिमा करून घेतला तर पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळले. माणसे हे मांस खाऊन टिकतात, कारण आपण ते रस्सा उकळून, पूर्ण शिजवून खातो.

"पण आम्ही आठवडाभर फ्रीझ करतो ना" हे उत्तर ठरलेले असते. उणे १२ अंशांखाली तीन दिवस ठेवले तर मांसातल्या टॉक्सोप्लाझ्माच्या बहुतेक पुटी मरतात, हे बरोबर. साल्मोनेला, ई. कोलाय आणि बर्ड फ्लूचा विषाणू मात्र गोठवून मरत नाहीत, ते थंडीत टिकून राहतात. त्यात फ्रीजरचे दार दिवसातून कितीदा उघडते आणि भारनियमन किती तासांचे आहे, हेही विचारावे. घरात गरोदर बाई, तान्हे मूल, केमोथेरपी चालू असलेले आजोबा यांपैकी कुणी असेल तर कच्च्या मांसाला स्पष्ट नकार द्यावा. वरवर ठणठणीत मांजरही विष्ठेतून साल्मोनेला टाकत राहते, आणि चाटूनपुसून अंगभर नेते.

जंतूंची चर्चा पुष्कळ होते. प्रत्यक्ष प्रॅक्टिसमध्ये मांजरे जास्त आडवी होतात ती असमतोलाने, आणि इथे कच्चे-शिजवलेले असा भेद नाही. पाच महिन्यांचे पर्शियन पिल्लू येते, मागचे पाय ओढत. पालक म्हणतात सोफ्यावरून उडी मारली. एक्स-रे लावला तर हाडांची बाहेरची भिंत पेन्सिलच्या रेघेइतकी बारीक, हाड आणि भोवतीचे मांस यांत फरकच दिसत नाही, मांडीचे हाड ओल्या फांदीसारखे मुडपलेले. आहार विचारला की अभिमानाने उत्तर येते, "फक्त बोनलेस चिकन, डॉक्टर. बेस्ट क्वालिटी." शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम दहा-बारा मिलिग्रॅम आणि फॉस्फरस दोनशेच्या घरात. शरीर पॅराथायरॉइड चालवून हाडातले कॅल्शियम काढून घेते. पिल्लू वाचले तरी कमरेची पोकळी अरुंद राहिली तर पुढे जन्मभर मलावरोधाचा त्रास. यात पालकाचा दोष काय? त्याने महागातला महाग तुकडा घेतला. आपण पहिल्या लसीच्या वेळी विचारले नाही.

त्याच चिकन ब्रेस्टची दुसरी खोड अशी, की कोंबडीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीच्या गडद मांसात टॉरिन कितीतरी पटींनी जास्त असते. म्हणजे ब्रेस्ट उकडून पाणी ओतून देणारा पालक मांजराला सगळ्यात कमी टॉरिनचा भाग देतो आणि त्यातलेही थोडे मोरीत सोडतो.

किनारपट्टीच्या सहकाऱ्यांना वेगळे सांगायला नको. तिथे बांगड्याची डोकी, तारली, मांदेली हा मांजराचा रोजचा घास. अनेक कच्च्या माशांत थायमिनेज असते, ते ब१ जीवनसत्त्व मोडते. मान छातीकडे झुकलेली, बाहुल्या विस्फारलेल्या, चाल अडखळती असे मांजर आले तर मेंदूच्या इतर आजारांची यादी काढण्याआधी ताटात काय असते ते विचारावे. थायमिन वेळेवर दिले तर सुधारणा लवकर दिसते. निव्वळ तेलकट माशांवर ई जीवनसत्त्व कमी पडून चरबीचा दाह होतो. आणि रोज कलेजी खाणाऱ्या मांजराची मान पुढे अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने आखडते, मणके एकमेकांना जुळतात. ऑस्ट्रेलियात १९६०च्या दशकातच हे दाखवले गेले आहे. कलेजी हवी, पण चिमूटभर.

आता बदल कसा करायचा, याविषयी. मांजराला उपाशी ठेवून नवे अन्न गळी उतरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो: "भूक लागली की खाईल." कुत्रा खाईल. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले की यकृतात चरबी साठून कावीळ घेऊन आपल्याकडे येईल, आणि मग नळीने भरवण्यात आठवडे जातील. चोवीस तास तोंड लावले नाही तर मुकाट्याने जुने अन्न परत द्यावे. नवे अन्न जुन्यात चमचाभर मिसळून सुरुवात करावी. आठवडा-दहा दिवस हा किमान काळ, हट्टी मांजराला महिनाही लागतो. लहानपणी फक्त कुरकुरीत दाणे खाल्लेले मांजर ओल्या घासाला अन्न मानायलाच तयार नसते. मांस कोमट करून दिले तर वासाने ओढले जाते. दर आठवड्याला वजन करायला सांगावे.

मांस आतपर्यंत ७४ अंशांना शिजले की साल्मोनेला आणि बर्ड फ्लू दोन्हींची काळजी मिटते. कमी पाण्यात शिजवावे आणि ते पाणी ताटातच द्यावे. कांदा-लसूण नको, शिजवलेले हाड तर नकोच. ते फुटून टोचते. कॅल्शियमसाठी प्रौढ मांजराच्या एक किलो बोनलेस मांसाला अंड्याच्या टरफलाची ५ ते ६ ग्रॅम बारीक पूड हा ढोबळ हिशेब. पिल्लांना त्याहून जास्त लागते. एवढ्याने ताट पूर्ण होत नाही. टॉरिन, आयोडीन, जस्त, ड आणि ई जीवनसत्त्व यांचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो. जो पालक तो करणार नाही, त्याला ओले तयार खाद्य सुचवावे. त्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते आणि पालकाची कोरड्या खाद्याबद्दलची मूळ तक्रारही मिटते. शाकाहारी घरातल्या मांजराचा प्रश्नही बहुधा याच पाऊचने सुटतो, कारण तिथे घरच्या पातेल्यात मांस शिजवण्याचाच प्रश्न येतो.

आपण सगळ्यांनी महाविद्यालयात गाईच्या आणि म्हशीच्या शिधेची गणिते घोकली आहेत. पीअरसनचा चौकोन झोपेतही काढू. मांजराच्या ताटाचे गणित त्याहून अवघड नाही. आपण ते आपले काम मानले नाही आणि ती जागा आठवड्याला नवा व्हिडिओ टाकणाऱ्यांनी घेतली. विद्यापीठाने पोषणशास्त्राच्या विषयात मार्जार-आहाराला चार तास जास्त दिले तर बिघडणार नाही.

एक तातडीची सूचना. कच्ची कोंबडी खाणारे मांजर एकाएकी ताप, धाप, आंधळेपणा किंवा झटके घेऊन आले, तर रेबीजबरोबर बर्ड फ्लूही यादीत धरा. हातमोजे, मास्क घाला. मेले तर उत्सुकतेपोटी टेबलावर चिरू नका. जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला आणि पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाला कळवा. २००९च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग कायद्यानुसार ती आपली जबाबदारीच आहे.

केसपेपरवर वजन आणि ताप यांच्या शेजारी 'आहार' असा एक रकाना या महिन्यापासून घाला, आणि त्यात 'घरचे' असे न लिहिता काय, किती, कच्चे की शिजवलेले ते लिहा. आहाराशी निगडित मार्जार-रुग्णांच्या नोंदी एक्स-रेसह आमच्याकडे पाठवा, पालकांची नावे वगळून. दहा ओळींची नोंद असली तरी छापू.