माळावरची बेगमी

ऑस्टिनहून भाचीचा फोन आला तेव्हा ती घरासमोर उभ्या केलेल्या गाडीत बसली होती. मोबाइल चार्ज करायला दुसरी सोयच नव्हती. "मामा, तीन दिवस वीज नाही, नळही कोरडे. बर्फ वितळवून संडासात ओततोय." ही गोष्ट फेब्रुवारी २०२१ ची. तेल आणि नैसर्गिक वायूच्या जिवावर श्रीमंत झालेल्या टेक्सासमध्ये त्या आठवड्यात चाळीस लाखांहून अधिक घरांची वीज गेली. सरकारी मोजणीनेच २४६ माणसे दगावली. त्यांतली काही तर ऊब मिळावी म्हणून बंद जागेत गाडी किंवा कोळसा पेटवून ठेवल्यामुळे, विषारी वायूने गेली.

मला आठवले ते याच देशाच्या उत्तरेकडचे, डाकोटा-नेब्रास्काचे गवताळ माळ. १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळते म्हणून माणसे तिथे गेली. झाड औषधालाही नाही, तेव्हा गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापून घरे रचली. सरपण म्हणून गव्यांच्या वाळल्या शेणी, नाहीतर गवताचेच पीळ. घराभोवती नांगराचे पट्टे मारून मधले गवत आधीच जाळायचे, म्हणजे वणवा दाराशी येत नाही. हिमवादळात चार पावलांवरचे दिसत नसे, म्हणून घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायचा. आपल्या आज्या पावसाळ्याआधी गोवऱ्या रचून ठेवत, त्याच जातीचे हे शहाणपण.

पण याचे फार कौतुकही नको. १८८०-८१ च्या हिवाळ्यात डाकोटातल्या डी स्मेटला बर्फाने रेल्वे बंद पडली आणि वसंत उलटेपर्यंत सुरू झाली नाही. नव्या गावाची सारी भिस्त रेल्वेवर. लॉरा इंगल्स वाइल्डरचे कुटुंब तिथेच होते. पुढे तिने कादंबरीत लिहिले की, कॉफीच्या गिरणीत गहू भरडून दिवस काढले. १२ जानेवारी १८८८ ला तर सकाळ इतकी उबदार उगवली की मुले जाड कोटाशिवाय शाळेत गेली. नंतर वादळ कोसळले. सुमारे २३५ माणसे गेली असे मानतात, त्यांत कितीतरी शाळकरी पोरे. हवामानाचा इशारा तारेने स्टेशनात येई. माळावरच्या झोपडीपर्यंत तो कोण नेणार?

आज उलटे झाले आहे. टेक्सासला थंडीचा अंदाज कित्येक दिवस आधी मिळाला होता. पण गारठ्याने वायूच्या विहिरी गोठल्या. वायू पुढे ढकलणाऱ्या यंत्रांना वीज हवी आणि वीजकेंद्रांना वायू. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले! २०११ मध्येही अशाच थंडीने वीज गेली होती. यंत्रणेला थंडीपासून जपा, असे चौकशी अहवालाने सुचवले; सक्ती मात्र झाली नाही. सक्तीचा कायदा आला तो २०२१ च्या मृत्यूंनंतर. घरात शंभर मेणबत्त्या असल्या तरी ही चूक घरच्या माणसाला दुरुस्त करता येत नाही, हे मला ठासून सांगावेसे वाटते. डी स्मेटच्या लोकांनाही रूळ मोकळे करता आले नव्हते.

भाचीने आता डाळ-तांदूळ, पाण्याचे कॅन आणि सेलवरचा रेडिओ आणून ठेवला आहे. त्या चार दिवसांत तिला गरम जेवण मिळाले ते समोरच्या घरातून, कारण त्यांची शेगडी गॅसची होती. तीन वर्षे समोरासमोर राहून त्यांची ती पहिलीच ओळख.