आवर घालायला मूल कोणाजवळ शिकणार?

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. गडचिरोलीतल्या एटापल्ली, भामरागड, धानोऱ्याच्या टोल्यांवरून सहा-सात वर्षांची पोरं पेटी आणि अंथरूण घेऊन आश्रमशाळेत दाखल होतात. आईवडील अंधार पडायच्या आत परत फिरतात, कारण धानाची कामं थांबत नाहीत. मुलांनी राग, भीती, रडू आवरायला शिकावं असं आपण म्हणतो तेव्हा ही मुलं माझ्या डोळ्यांपुढे असतात. शिक्षक, अधिकारी, सरपंच आणि पालक, सगळ्यांसाठीच हे मुद्दे मांडतो आहे.

१. भीतीतून मोकळं असणं हा मुलाला कायद्याने दिलेला हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २९ मध्ये शाळेने मुलाला भीती, आघात आणि चिंतेतून मोकळं करावं, त्याला मनातलं मोकळेपणी बोलता यावं, असं लिहिलेलं आहे. कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आपण पोषण आहार, शौचालय, गणवेश यांबद्दल विचारतो. मुलांच्या भीतीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. तो विषय इतिवृत्तात यायला हवा.

२. लहान मूल एकट्याने स्वतःला आवरू शकत नाही. मेंदूचा जो भाग आवेगाला लगाम घालतो, तो विशी उलटेपर्यंत घडत असतो. सहा वर्षांचं मूल शांत होतं ते जवळच्या मोठ्या माणसाच्या आवाजाने, हाताने, नुसतं शेजारी बसण्याने. असं शेकडो वेळा घडल्यावर ते हळूहळू स्वतःच्या बळावर सावरायला लागतं. घरी हे काम आई, आजी, मोठी बहीण करते. आश्रमशाळेत ते कोणाकडे आहे? वर्ग सुटेपर्यंत शिक्षक असतात. नंतर शंभरावर मुलांमागे एक अधीक्षक, एक अधीक्षिका, आणि त्यांच्या हातात धान्याचा हिशेब, हजेरी, आजारी मुलाला दवाखान्यात नेणं. घराची आठवण तर नेमकी जेवण झाल्यावर, दिवे मालवायच्या सुमारास येते. पहिल्याच महिन्यात एखादं मूल जंगलवाटेने घराकडे पळतं, तेव्हा नोंदवहीत त्याच्या नावापुढे बेशिस्त लिहिली जाते. ते मूल आधार शोधत निघालेलं असतं. म्हणून संध्याकाळच्या वेळेसाठी वेगळं माणूस नेमा, ही माझी पहिली मागणी आहे. गावातली एखादी समजूतदार बाई मानधनावर घेतली तरी चालेल. लहान मुलांजवळ बसणं एवढंच तिचं काम असावं, भाजी चिरायला तिला लावू नये.

३. जे दुखतं ते घरच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. माडिया किंवा गोंडी बोलणारं मूल पहिलीत मराठी पुस्तकापुढे बसतं. ‘का रडतोस?’ हा प्रश्नच त्याला कळत नाही, उत्तर तर दूरच. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या मुलांचीही हीच अडचण. मनातल्या भावनेला नाव देऊन सांगता आलं की तिचा जोर ओसरतो, हे मानसशास्त्रात प्रयोगांनी दिसलेलं आहे. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा, असं तेच कलम २९ सांगतं. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा काढली. गावाला गरज कळते, याचा याहून मोठा पुरावा काय हवा? पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गात मुलांची भाषा बोलणारी एक स्थानिक तरुणी किंवा तरुण असावा.

४. ‘आनंददायी शनिवार’ चांगला आहे, पण पुरेसा नाही. पहिली ते आठवीसाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये हा उपक्रम आणला, त्यात प्राणायाम आहे, ध्यान आहे. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, त्यामुळे त्याचा उपयोग नक्कीच आहे. पण पोरांची भांडणं शनिवारची वाट पाहत नाहीत. ती मंगळवारी होतात, हातपंपावर, जेवणाच्या रांगेत, पेन्सिलीवरून. त्या क्षणी गुरुजी काय करतात, यावर सगळं अवलंबून आहे. दोघांना वेगळं करावं. पाणी द्यावं. ‘आधी कोणी मारलं?’ हा प्रश्न लगेच विचारू नये, कारण संतापलेलं मूल त्या वेळी विचार करण्याच्या स्थितीत नसतं. अर्ध्या तासाने, दोघं निवल्यावर, एकेकाचं पूर्ण ऐकून घ्यावं. सवय मात्र शांत वेळीच लावावी लागते, रोज मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटं. ताराबाई मोडकांनी मॉन्टेसोरी पद्धत मराठी बालवाडीत रुजवली, त्या पद्धतीत शांततेचा खेळ आहे: सगळ्यांनी निश्चल बसायचं आणि बारीकसारीक आवाज टिपायचे. आपल्या शाळांभोवती जंगल आहे, ऐकायला पक्षी आहेत. हा खेळ इथे फुकट खेळता येतो. माडिया गावांत गोटुल आहे, तिथे गोल बसून गावाचे प्रश्न बोलले जातात. वर्गातलं बोलणंही तसंच गोल बसून व्हावं.

५. चंद्रपूरच्या मुलांची भीती खरी आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत वाघ शिवारात येतो. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला आई पहाटे जंगलात गेली असेल तर मुलाचं चित्त फळ्यावर कसं लागेल? ‘घाबरू नको’ म्हणून ही भीती जात नाही. ती मान्य करावी, आणि गटाने चालणं, अंधारात एकटं न निघणं या गोष्टी शिकवाव्यात. हाताशी काही करण्यासारखं असलं की भीती आटोक्यात येते. गावात वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला की वनखातं पंचनामा करतं, भरपाईचे कागद होतात. त्याच आठवड्यात गावच्या शाळेत समुपदेशक पोहोचला पाहिजे.

६. ‘आम्ही छडी खाऊनच शिकलो’ असं म्हणणारे भेटतात. छडीने वर्ग गप्प होतो, हे खरं. पण असं गप्प बसलेलं मूल फक्त छडीकडे पाहत असतं, ती दिसेनाशी झाली की त्याचा संयमही सुटतो.

७. गुरुजींचीही काळजी घ्या. घरापासून दूर, रेंज नसलेल्या गावात राहायचं, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडात अडकून पडायचं, वर ऑनलाइन माहिती भरायची. थकलेला माणूस मुलाला शांत कसं करणार? जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने प्रशिक्षण द्यावं, त्यात अधीक्षक, स्वयंपाकी, कामाठी यांनाही बसवावं, कारण मुलं त्यांच्याच सहवासात जास्त असतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फोन लागत असेल तिथेच कामाचा. बाकी ठिकाणी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने महिन्यातून एकदा समुपदेशक पाठवावा.

८. येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा, आणि उत्तरं लेखी मागा. आपल्या गावच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत मुलांची भाषा बोलणारं कोण आहे? संध्याकाळी सातनंतर लहान मुलांजवळ कोण बसतं? गेल्या वर्षी किती मुलं पळून घरी आली, आणि प्रत्येकाला त्याचं कारण कोणी विचारलं?