अनेक कुलपे, एक चावी

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम सुरू झाला की व्यापारी घरातील जुनी मोटारही दिवसभर राबते : सकाळी पेढीवर, दुपारी नांदेडला आणि सूर्यास्तापूर्वी जेवणासाठी घरी. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी असो की १९८३ साली आलेली मारुती ८००, अशी गाडी जिवापाड जपणारी घरे अजूनही आहेत. मात्र वर्षानुवर्षांच्या दुरुस्तीत कधी दाराचे कुलूप बदलते, कधी इग्निशनचे. आणि एका गाडीला तीन-चार चाव्या होतात.

त्यासाठी सर्व कुलपे नवी घेण्याचे कारण नाही. कुलपाच्या आतील नळीत पातळ पितळी पट्ट्या स्प्रिंगवर बसविलेल्या असतात. योग्य चावी आत जाताच त्या नळीच्या कडेशी समपातळीत येतात आणि नळी फिरते; एक पट्टी जरी बाहेर राहिली तरी ती अडते. कुशल कारागीर दारांच्या व डिकीच्या कुलपांतील पट्ट्यांची अदलाबदल करून किंवा नव्या पट्ट्या घालून ती कुलपे इग्निशनच्या चावीशी जुळवून देतो. चावीच्या पात्यावरील लांब खाच मात्र सर्व कुलपांत बसली पाहिजे. न बसल्यास ते कुलूपच बदलावे लागते. पट्ट्या केवळ कानशीने घासून काम उरकू देऊ नये. तसे कुलूप ढिले पडते आणि परक्या चावीनेही उघडू शकते.

सोय एवढाच याचा लाभ नाही. चावी सापडेनाशी झाली की पेढीवर संशय प्रथम चालकावर किंवा नोकरावर जातो. श्वेतांबर परंपरेने सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘सहसाभ्याख्यान’ सांगितले आहे, म्हणजे विचार न करता एखाद्यावर दोष ठेवणे. पट्ट्या बदलल्या की हरवलेली चावी निरुपयोगी ठरते आणि कोणावर संशय घेण्याचे प्रयोजन उरत नाही. हरवलेली चावी इग्निशनचीच असेल, तर नवी चावी करून इग्निशनसह सर्व कुलपे तिच्याशी जुळवून घ्यावीत.

एका चावीने सर्व उघडते, म्हणून ती हरवल्यास सर्वच उघडे पडते. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन चाव्यांशिवाय उघडत नाही आणि चाव्या कोणाच्या हाती कधी गेल्या, याची नोंद ठेवली जाते. गाडीच्या चाव्या किती केल्या, कोणास व कोणत्या तारखेस दिल्या, एवढे दोन ओळींत पेढीच्या वहीत लिहावे. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपन्या सहसा मूळ चाव्या मागतात. त्यामुळे हाती असलेल्या जुन्या चाव्या फेकून न देता कामाच्या पावतीसह जपाव्यात आणि बदल विमा कंपनीस लेखी कळवावा.

कारागिराची मजुरी थोडकी असते. विश्वासू माणसाचे दुखावलेले मन मात्र कोणत्याही मजुरीने पूर्ववत होत नाही.