चांदी म्यानावरच का?



गेल्या महिन्यात आपल्या मंडळीच्या वर्धापनदिनाच्या तयारीची बैठक झाली. मंडप, जेवण, गायनमंडळाची गीते हे सगळे ठरले आणि प्रमुख पाहुण्यांच्या सत्काराचा विषय निघाला. शाल आणि पुष्पगुच्छ तर दरवर्षीचेच. तेव्हा तरुण संघातल्या एका मुलाने मोबाइल पुढे केला. त्यावर हाताने घडवलेल्या एका तलवारीचा फोटो होता. लाल मखमलीचे म्यान, त्याच्या तोंडाशी, मधोमध आणि टोकाला चांदीचे नक्षीकाम, वेली आणि फुले. "काका, यंदा पाहुण्यांना ही देऊ. वर्गणी आम्ही मुले काढतो," तो म्हणाला.

फोटो हातोहात फिरला आणि सगळ्यांना आवडला. मलाही आवडला. तरी मी नको म्हणालो. कारण नीट सांगता आले नाही आणि माझा आवाज चढला. मुलगा गप्प बसला. त्याची मला खंत वाटते, म्हणून जे बैठकीत बोलायला हवे होते ते आज शांतपणे लिहितो.

आधी त्या मुलाची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. बैठकीनंतर तो मला म्हणाला, "काका, लोक अजून आपल्याला बाहेरचे समजतात. कॉलेजात मला फिरंगी म्हणतात. आपल्या चर्चमध्ये तलवार देऊन सत्कार झाला की लोकांना कळेल, आपणही याच मातीतले आहोत." या वाक्यावर मला लगेच उत्तर सुचले नाही. त्याच्या वयात ते टोमणे मीही ऐकले आहेत.

त्याच्या मनात कोणती तलवार होती, तेही मला ठाऊक आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज् या लिलावगृहात नागपूरचे पहिले रघुजी भोसले यांची तलवार विक्रीला निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे 47 लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. बातमी आपल्याकडेही घरोघर पोहोचली आणि त्यात नवल नाही. लांजीचा किल्ला, खालचा सपाटीचा मुलूख हे सगळे एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्याच राज्यात होते. मध्य प्रदेशात राहून आपल्या घरांत मराठी टिकली, त्यामागे तोही इतिहास आहे. त्या तलवारीवर देवनागरीत रघुजींचे नाव आणि "सेनासाहेब सुभा" हा त्यांचा किताब कोरलेला आहे. आपली अक्षरे तिच्यावर पाहून ऊर भरून येणे साहजिक आहे.

पण त्या तलवारीबद्दल दोन गोष्टी त्या मुलाने ध्यानात घ्याव्यात.

पहिली, ती तलवार "फिरंग" जातीची आहे. तिचे सरळ पाते युरोपात घडलेले आणि सोन्याचे काम केलेली मूठ इथली. आपल्या मराठी सरदारांनी परदेशी पाते आनंदाने हाती घेतले आणि त्याला फिरंग असेच नाव दिले. म्हणून ती परकी झाली नाही. तेव्हा बाळा, तुला कोणी फिरंगी म्हटले तर मान खाली घालू नकोस आणि ते खोटे ठरवायला तलवारही विकत घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट जरा जड आहे. 1742 पासून जवळजवळ दहा वर्षे रघुजींच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करत होत्या. आपण त्याला पराक्रम म्हणतो. बंगालमधल्या आया मात्र मुलांना निजवताना "बर्गी" आल्याची अंगाई म्हणत आल्या आहेत आणि ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. एका घरात जे पाते अभिमानाने भिंतीवर टांगले जाते, त्याच पात्याची दुसऱ्या घरात मुलांना भीती घातली जाते. म्हणून इतिहास पुसावा असे मी म्हणत नाही. ती तलवार परत आली, संग्रहालयात जपून राहावी, शाळेच्या मुलांनी ती बघावी. देवाच्या घरातून मात्र काय द्यायचे, हे ठरवताना आपण दोन्ही घरांचा विचार केला पाहिजे.

आता म्यानाकडे वळू, कारण फोटोत सगळ्यांचे डोळे म्यानावरच खिळले होते. जुन्या पद्धतीचे म्यान लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या आतून कोरून, जोडून करतात. वर कातडे किंवा मखमल चढवतात आणि तोंडाला व टोकाला धातूची टोपणे बसवतात. महाराष्ट्रात घोड्यांची जीन शिवणारे जिनगर हे कामही करत. आत धार बोथट होऊ नये, बाहेर बाळगणाऱ्याचा पाय कापू नये, पात्याला पावसाळी ओल लागू नये, एवढे सगळे त्या कारागिराला सांभाळावे लागते.

आणि चांदी? ती मऊ असते, तिला धार धरत नाही. तिचे सगळे वैभव म्यानावर. तलवार उपसली की समोरच्याला दिसते ते नुसते पोलाद. वेली आणि फुले मागे कमरेलाच राहतात. कारागिराने महिना घालून केलेले काम लोकांना नीट पाहायला मिळते ते तलवार आत असेपर्यंतच. तलवार गप्प असते त्या वेळेसाठी माणसांनी चांदी खर्च केली, हे मला फार बोलके वाटते.

शास्त्रात म्यान थोड्याच ठिकाणी येते, पण येते तेव्हा मोठ्या प्रसंगी येते. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसली आणि प्रमुख याजकाच्या दासाचा उजवा कान कापला. त्या दासाचे नाव मल्ख, हे योहान सांगतो. प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले, हेही योहानच सांगतो (योहान 18:10-11). कान बरा केल्याचे लूक लिहितो (लूक 22:51). वधस्तंभाकडे निघालेल्या आपल्या प्रभूने त्या रात्री वेळ काढला तो शत्रूच्या नोकराच्या कानासाठी. मला नेहमी वाटते, पेत्राचे प्रेम खरे होते, निष्ठाही खरी होती आणि तलवार मात्र चुकली. आपल्या तरुणांचे प्रेम असेच खरे आहे.

दुसरा प्रसंग 1 इतिहास 21 चा. दावीदाने गर्वाने शिरगणती केली आणि देशावर मरी आली. परमेश्वराचा दूत उपसलेली तलवार यरुशलेमेवर धरून उभा राहिला. दावीदाने अर्णान यबूसी याचे खळे पूर्ण किंमत देऊन घेतले, तिथे वेदी बांधली, प्रार्थना केली, आणि परमेश्वराने दूताला आज्ञा केल्यावर त्याने तलवार पुन्हा म्यानात घातली. पुढे शलमोनाने मंदिर बांधले ते त्याच जागेवर, त्याच खळ्यावर (2 इतिहास 3:1). ज्या ठिकाणी तलवार म्यानात गेली, त्या ठिकाणी देवाचे घर उभे राहिले.

आणि देवाच्या घरातून तलवार बाहेर गेल्याचा प्रसंगही आहे. नोब येथे गल्याथाची तलवार कापडात गुंडाळून ठेवलेली होती. पळणाऱ्या दावीदाने शस्त्र मागितले आणि अहीमलेख याजकाने ती दिली. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. पण शौलाने तोच आरोप ठेवून 85 याजक मारले (1 शमुवेल 21 व 22). चांगल्या मनाने दिलेल्या तलवारीचाही हिशेब कुणाला तरी द्यावा लागतो, आणि तो देणारा बहुधा निरपराध असतो.

कोणी म्हणेल, शास्त्रात आत्म्याची तलवार आहे, प्रेषित पौलाच्या चित्रातही त्याच्या हाती तलवार असते. खरे आहे. पण आत्म्याची तलवार म्हणजे देवाचे वचन, आणि पौलाच्या हातातली तलवार ही त्याच्या शिरच्छेदाची खूण आहे. आपल्या रक्षणासाठी हत्यार बाळगणाऱ्या पोलिसांचा आणि सैनिकांचाही मी अनादर करत नाही. त्यांच्या हातातले शस्त्र ही जबाबदारी आहे. सत्काराच्या ताटातले शस्त्र ही केवळ शोभा होते, आणि आजकाल वाढदिवसाचा केक तलवारीने कापून पोलीस ठाण्यात पोहोचलेल्या मुलांच्या बातम्या वाचल्या की त्या शोभेचीही धास्ती वाटते.

आपण तर बालाघाटचे. शस्त्र म्हणजे काय हे आपल्याला चित्रातून शिकावे लागत नाही. डिसेंबर 1999 मध्ये राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची त्यांच्याच गावात नक्षलवाद्यांनी हत्या केली. जंगलातल्या गावांनी त्यानंतरही कितीतरी वर्षे दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये काढली. 2025 च्या डिसेंबरात दहा माओवाद्यांनी बालाघाटात शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी देवाचे आभार मानले. ज्या जिल्ह्यात इतक्या प्रार्थनांनंतर शस्त्रे खाली ठेवली जाऊ लागली, तिथे आपल्या मंडळीने व्यासपीठावर शस्त्र उचलून द्यावे का, हा माझा प्रश्न आहे.

राहिला "याच मातीतले" असण्याचा मुद्दा. 1896-97 च्या दुष्काळात हा जिल्हा फार होरपळला. त्या काळात बैहरकडे गोंड वस्त्यांत जॉन लॅम्पर्ड यांचे बालाघाट मिशन काम करत होते. पुढे ते काम मेथडिस्ट मंडळीने चालवले. शिकवणे, आजाऱ्याजवळ बसणे, उपाशी माणसाला घास देणे, हाच आपला या मातीतला सातबारा आहे. त्यावर आपले नाव आपल्या आजी-आजोबांनी घातले आहे. तो जपणे आता आपल्याकडे आहे.

म्हणून माझी सूचना अशी. पाहुण्यांना आपल्या चिन्नोर तांदळाची एक सुंदर विणलेली टोपली द्यावी आणि वारासिवनीच्या हातमागावरचे एक वस्त्र. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा ओळख म्हणूनही ती भेट कमी पडणार नाही. मंदिर खळ्यावर उभे राहिले होते, आपली भेटही खळ्यावरून आलेली असू दे. आणि ज्याने तलवार सुचवली, त्याच्याच घरच्या शेतातला तांदूळ घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

शेवटी एक माझ्याबद्दल. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. देवाचे वचन आणि मनातला राग हेही एका ठिकाणी राहत नाहीत. बैठकीत मी तलवारीविरुद्ध बोलत होतो आणि माझी जीभ मात्र म्यानाबाहेर होती. परवा संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. मी त्याची क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "काका, पण फोटो छान होता ना?" मी म्हटले, "म्यान फार छान होते रे."

निर्णय पुढच्या बैठकीत सर्वांनी मिळून घ्यायचा आहे. तोवर आपण एवढी प्रार्थना करू या.

हे शांतीच्या राजा, आमच्या हातातले, जिभेवरचे आणि मनात लपवलेले पाते तू म्यानात घाल. आम्ही ज्यांचे कान दुखावले, त्यांना तू स्पर्श कर. आमच्या जिल्ह्यातली शांती टिकव. आमेन.