आपलीच लेझीम, आपल्यालाच विकत?

दोन महिने घाम गाळून वरणगावची पोरं विसर्जनाला लेझीम खेळली. शूटिंग मंडळानं करून घेतलं. आता पूर्ण व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये हवा तर ५०० रुपये! कॅमेरावाल्याची मजुरी द्याच, त्यावर वाद नाही. पण वरचा नफा कशाचा? वर्गणी आम्हीच दिली ना भाऊ? १९९४ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात कलावंताचा हक्क आहे, नाचणारा आणि वाजवणारा दोघंही त्यात येतात. या पोरांना कोणी विचारलं? खेळणाऱ्याला एक प्रत फुकट द्या, बाकीच्यांना १०० रुपयांत. मग गल्लीतली प्रत्येक माय घेईल. ५०० ला दहा जण घेतील, अन् अकरावा तोच व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर टाकेल.