नकाशात न दिसणारी भिंत

इन्स्टावर १९५०च्या दशकातल्या अमेरिकन रँच घरांचे नकाशे फिरतात: एकच मजला, बसकं छप्पर, मोठाल्या काचा. मलाही आवडतात. पण 'काय मोकळे दिवस होते!' हे कौतुक मला पटत नाही. न्यूयॉर्कजवळच्या लेविटाउनमध्ये १९४९पासून रँच घरं विकली गेली. कृष्णवर्णीयांना मात्र नाही.

'काळच तसा होता' म्हणाल? मग त्याच काळात कॅलिफोर्नियात जोसेफ आयक्लर कृष्णवर्णीयांनाही घरं कशी विकत होता? या भेदभावावरून त्याने १९५८मध्ये बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामाही दिला. काळ तोच होता. विकणाऱ्याचा निर्णय वेगळा होता.

नकाशा खुशाल शेअर करा. पण त्या घराचं दार कुणासाठी बंद होतं, तेही खाली लिहा.